घोड्याएवढ्या मुलीची बाबागाडी

डेल्बर्ट क्रूगर त्या सकाळी गप्प बसला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गप्प बसायला तो जन्मालाच आला नव्हता. विस्कॉन्सिनात चाळीस वर्षं बोअर मारण्यात गेलेली, सगळा जन्म मशीनच्या आवाजावर ओरडून बोलण्याची सवय. आता एकाहत्तरी उलटली, मशीन विकलं, आवाज तेवढा शिल्लक राहिला.

लेक, जावई, नात आणि तो असे चौघं एप्रिलच्या सुट्टीत ऑरलँडोला आले होते. भाड्यानं घेतलेल्या घरात नाश्ता चालला होता. जॅनेलनं, म्हणजे लेकीनं, वॉफलवर पाक ओतता ओतता अगदी सहज विषय काढला.

"बाबा, आज पार्कात हॅडलीसाठी एक बाबागाडी भाड्यानं घ्यावी म्हणते."

डेल्बर्टचा काटा तोंडाशीच थांबला. "कुणासाठी?"

"हॅडलीसाठी."

हॅडली समोरच बसली होती. वय साडेसात. पुढचे दोन दात पडलेले, तिसरा जिभेनं हलवायचं काम चालू. टेबलाखालून तिचे पाय डेल्बर्टच्या पायांपर्यंत पोचत होते आणि मधूनमधून लाथाही बसत होत्या.

"घोड्याएवढी झाली ती!" डेल्बर्ट म्हणाला. (म्हणाला कसला, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.) "गाडीत बसवलीस तर पाय रस्त्यावर घासत जातील तिचे. लोक म्हणतील, मुलीला काय झालंय?"

"कुणी काही म्हणत नाही हो. सगळेच घेतात. दिवसाला आठ मैल चालणं होतं तिथं. दुपार झाली की दहा-दहा वर्षांची पोरं भर रस्त्यात लोळण घेतात."

"तिच्या वयाचा असताना मी दोन मैल बर्फ तुडवत शाळेत जात होतो."

"मागच्या वेळी तीन मैल होते, आजोबा," हॅडली म्हणाली.

"येताना तीन. वळसा पडायचा."

कीथ, म्हणजे जावई, कॉफीच्या कपात बघत राहिला. तो एका शाळेत मुलांची भांडणं सोडवायची नोकरी करतो. घरात भांडण दिसलं की मात्र कपात बघतो.

आता कुणी म्हणेल, एका बाबागाडीवरून म्हाताऱ्यानं एवढं पेटायचं कारण काय? कारण होतं. कारणाचं नाव जुलै.

डेल्बर्टची बायको लोरेन जाऊन दोन वर्षं झाली. तळ्याकाठच्या घरात तो एकटा. दरवर्षी जुलैत हॅडली पंधरा दिवस त्याच्याकडे राहायला येते. मासे धरते, पायाला चिखल घेऊन गादीवर चढते, तळलेले चीजचे तुकडे खाऊन पोट बिघडवून घेते. ते पंधरा दिवस म्हणजे डेल्बर्टचं वर्ष. बाकीचे पन्नास आठवडे तो नुसती गवताची कापणी आणि बर्फाची सफाई करत बसतो. पण यंदा फेब्रुवारीत तो दारातल्या बर्फावर घसरून पडला. उजवा गुडघा पिरगळला. कुणाला बोलला नाही. तीन दिवस खुर्ची ढकलत स्वयंपाकघरात जायचा आणि खुर्ची ढकलत परत यायचा. चौथ्या दिवशी शेजारच्या हॅल्वर्सननं खिडकीतून ते पाहिलं आणि लगेच जॅनेलला फोन केला. (हॅल्वर्सनला दुसरा उद्योग नाही.) तेव्हापासून डेल्बर्टनं जुलैचं नाव काढलं की जॅनेल एकच शब्द बोलायची. "बघू."

हे "बघू" डेल्बर्टला चांगलं ठाऊक होतं. पाणी लागेल का, असं गिऱ्हाइकानं विचारलं आणि खाली कोरडा खडक आहे हे आपल्याला कळलेलं असलं की तो स्वतः हेच म्हणायचा.

म्हणून त्याला पक्कं वाटत होतं की ही सहल बिहल काही नाही. ही परीक्षा आहे. म्हाताऱ्याच्या ताब्यात पोर द्यायची की नाही, हे लेक बघणार आहे. आणि परीक्षेच्या पहिल्याच दिवशी बाबागाडी? म्हणजे याच्याच्यानं पोर सांभाळून होणार नाही, हे आधीच ठरवल्यासारखं झालं.

"गाडीबिडी काही नको," तो म्हणाला. "तुम्ही दोघं जा तुमच्या त्या उलटं टांगणाऱ्या पाळण्यांवर. पोरगी दोन वाजेपर्यंत माझ्या ताब्यात. स्वतःच्या पायांनी चालवून दाखवतो."

जॅनेलनं कीथकडे पाहिलं. कीथनं कपात पाहिलं.

"बरं," जॅनेल म्हणाली. "दोन वाजता मोठ्या फाटकाशी भेटू."

इतक्या चटकन ती आजवर कधी "बरं" म्हणाली नव्हती. लग्नाच्या वेळी पाद्र्यानं विचारलं तेव्हासुद्धा जरा थांबली होती. डेल्बर्टला तिथंच संशय यायला हवा होता. पण जिंकलेल्या माणसाला संशय येत नाही. तो दुसरं वॉफल घेत होता, तेवढ्यात जॅनेल हॅडलीला उन्हाचं मलम लावायला आत घेऊन गेली. बराच वेळ लावत होती.

पार्कात शिरण्याआधीच डेल्बर्टला घाम फुटला. मोटार लावली तिथून फाटकापर्यंतच अर्धा मैल. त्या अर्ध्या मैलात गुडघ्यानं एकदा खाकरून घेतलं. डेल्बर्टनं तिकडे लक्ष दिलं नाही. आत गेल्यावर जॅनेल आणि कीथ हात हलवत पाळण्यांकडे गेले आणि आजोबा-नात दोघंच उरले.

जिकडे बघावं तिकडे बाबागाड्या. त्यांत पाच वर्षांची, आठ वर्षांची, हातभर लांब पायांची मुलं पाय बाहेर सोडून राजासारखी पसरलेली आणि मागं ढकलणारे आईबाप घामाघूम.

"बघ, बघ त्या मुलाकडे," डेल्बर्ट म्हणाला. "वर्षभरात दाढी करायला लागेल तो. आणि बसलाय गाडीत."

"आजोबा, हळू. त्याच्या आईनं ऐकलं."

"ऐकू दे. तिच्या भल्यासाठीच बोलतोय."

पहिला तास बरा गेला. फिरते कप झाले, भुतांचं घर झालं, लाकडी होडी झाली. पण प्रत्येक ठिकाणी रांग, आणि रांगेत उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट. दहा वाजायच्या सुमाराला गुडघा मोठ्यानं बोलायला लागला. डेल्बर्ट उजवा पाय जरा बाहेरून फिरवून टाकू लागला. मग कठड्याला हात लावून चालू लागला. मग कठडा संपला.

"आजोबा, दुखतंय का?"

"काय दुखायचंय? बूट चावतोय. नवा आहे."

हॅडलीनं बुटाकडे पाहिलं. बूट तिच्याहून मोठा होता, वयानं.

मोठ्या कारंज्यापाशी आल्यावर ती एकदम काठावर बसली आणि दोन्ही पाय समोर लांब केले. "माझे पाय संपले."

"संपले म्हणजे?"

"संपले. आता एक पाऊलसुद्धा होणार नाही."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजायला चार तास! पोरगी अशीच बसून राहिली आणि जॅनेलच्या कानावर गेलं, तर जुलै गेलाच. वर आयुष्यभर ऐकावं लागणार, मी सांगत होते, मी सांगत होते.

"ये, पाठीवर बस," तो म्हणाला.

हॅडली पाठीवर बसली. डेल्बर्ट उठला, चार पावलं चालला, पाचव्याला गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. तो कारंज्यापलीकडच्या बाईलाही ऐकू गेला असावा, कारण तिनं वळून पाहिलं. हॅडली आपणहून खाली उतरली.

"तिकडे गाड्या मिळतात, आजोबा," ती म्हणाली. समोरच भाड्याच्या बाबागाड्यांची खिडकी होती. इतक्या समोर की आधी दिसली कशी नाही, हेच डेल्बर्टला कळेना.

त्यानं हिशेब मांडला. गाडी आता घ्यायची, दीड वाजता परत करायची, दोनला पोरीला चालवत फाटकाशी न्यायची. कुणाला कळणार आहे?

"हे बघ हॅडली, हे आपलं गुपित. आईला सांगायचं नाही."

"खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. तिनं विचारलं नाही तर आपण सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

डेल्बर्टनं विचार केला. "तर शिंकायचं."

खिडकीवरचा माणूस म्हणाला, एकेरी गाड्या सगळ्या गेल्या. जुळ्यांची एक आहे, दोन जागांची, चालेल का? डेल्बर्टला वाटलं, आपली चेष्टा करतोय. पण तो गंभीर होता. गाडी बाहेर आली ती निळी, प्लास्टिकची, एखाद्या छोट्या बोटीएवढी रुंद. मागं पुठ्ठा लावायची खोबण होती.

"नाव काय लिहू? सगळ्या गाड्या सारख्याच असतात. नाव नसलं तर ओळखायची कशी?"

डेल्बर्ट गडबडला. क्रूगर लिहावं तर जॅनेलच्या नजरेला पडायचं. दुसरं कुणाचं लिहावं? आणि मग त्याला एकदम असं सुचलं की त्याचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. घोड्याएवढ्या मुलीला जुळ्यांच्या गाडीतून फिरवण्याची लाज कुणाच्या वाट्याला जावी?

"हॅल्वर्सन," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिहा."

सांगायला नको, पण गाडीचा दांडा हातात आला आणि डेल्बर्टचं चालणं बदललं. दांडा बरोबर पोटाच्या उंचीचा. त्यावर भार टाकला की गुडघा गप्प. तो चक्क शीळ वाजवू लागला. पोरीच्या खोडीमुळं आपल्याला हमाली करावी लागतेय, असं मनाला बजावत राहिला, पण शीळ काही थांबली नाही.

लोक मात्र थांबत होते. एका आजीबाईनं वाकून आत पाहिलं. एका जागेवर हॅडली गुडघे हनुवटीला लावून, दुसरीत तिची पिशवी.

"अगंबाई, जुळी का? दुसरं कुठं गेलं?"

"आहे घरी," डेल्बर्ट म्हणाला.

"एकटंच?" आजीबाईचा चेहरा उतरला.

डेल्बर्टनं गाडी जोरात पुढं दामटली.

आणखी एक गोष्ट त्याच्या डोक्यात जात होती. टर्कीच्या भाजलेल्या तंगड्यांचं दुकान दिसलं की पाय संपलेली ही मुलगी गाडीतून टुणकन उडी मारायची, पळत जाऊन रांगेत उभी राहायची, लंगडी घालत परत यायची आणि पुन्हा गाडीत बसून सुस्कारा सोडायची.

"तुझे पाय संपले होते ना?"

"थोडे उरले होते," तंगडी चावत हॅडली म्हणाली. "आजोबा, तू दांडा सोडू नकोस हं. गाडी उताराला जाईल."

साडेबारा वाजता फोन वाजला. जॅनेल.

"काय बाबा? चालतेय ना ती?"

"कोण? हो. म्हणजे काय. थांबतच नाही पोरगी."

"तो खडखड आवाज कसला येतोय?"

"लोकांच्या बाबागाड्यांचा. रस्ता भरलाय नुसता. लाज नाही लोकांना."

"हॅडलीला द्या."

डेल्बर्टनं फोन नातीच्या कानाला लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हॅडलीनं आजोबांकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि शिंकली. पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. पुन्हा शिंकली. असं चार वेळा झालं.

"बाबा, तिला सर्दी झालीय का?" जॅनेलनं विचारलं.

"फुलं आहेत इथं," डेल्बर्ट म्हणाला आणि फोन बंद करून कपाळ पुसलं. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. कोरड्या बोअरवर "बघू" म्हणणं वेगळं.

आता सावध राहायला हवं, असं तो म्हणतोय तोवर समोरून नारिंगी टोपी आली. तसली टोपी त्या पार्कात एकाच माणसाच्या डोक्यावर होती. कीथ! दोन हातात दोन सरबतं घेऊन सरळ इकडेच येत होता.

डेल्बर्टच्या पायांत कुठून बळ आलं देव जाणे. शेजारीच पोपटांच्या खेळाचं नाट्यगृह होतं. दाराबाहेर शंभरेक निळ्या बाबागाड्या ओळीनं उभ्या होत्या. आत न्यायला मनाई. त्यानं आपली गाडी त्या कळपात घुसवली, नातीचा हात धरला आणि अंधारात शिरला.

पोपटांनी काय केलं ते त्याला आजही सांगता येणार नाही. एक पोपट सायकल चालवत होता म्हणे. डेल्बर्ट घड्याळ बघत होता. खेळ संपायच्या आत बाहेर पडायला बंदी, कारण पोपट डोक्यांवरून उडतात. एक वाजून पाच, एक वाजून दहा, एक वाजून वीस. त्यात लक्षात आलं की पिशवी गाडीतच राहिली. पिशवीत त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि हॅडलीचा कापडी वॉलरस, ज्याच्याशिवाय तिला झोप येत नाही.

बाहेर आले तेव्हा एक पंचवीस झाले होते आणि गाडी जागेवर नव्हती.

तशी कुठलीच गाडी जागेवर नव्हती. लोक आत गेले की तिथली माणसं सगळ्या गाड्या उचलून नीट रांगा लावतात, रस्ता मोकळा राहावा म्हणून. तिथं नेहमी येणाऱ्यांना हे ठाऊक असतं. ते दांड्याला रिबिनी बांधतात, फुगे बांधतात, एकानं तर आजीचा गुलाबी परकर बांधला होता. डेल्बर्टनं काहीच बांधलं नव्हतं. तो एकेक पुठ्ठा वाचत, लंगडत, मनातल्या मनात शिव्या देत रांगांतून फिरू लागला. गुडघ्याला आता दांडा नव्हता आणि गुडघा त्याचा सूड घेत होता.

"सापडली!" हॅडली ओरडली. चौथ्या रांगेच्या टोकाला हॅल्वर्सन उभा होता.

डेल्बर्टनं दांड्याला हात घातला, तोच मागून आवाज आला. "एक मिनिट हं, आजोबा."

पार्काच्या गणवेशातली एक तरणी मुलगी होती. छातीवर यारित्सा असं नाव लावलेलं, कमरेला वॉकी-टॉकी.

"मी तुझा आजोबा नाही," डेल्बर्ट फटकन म्हणाला.

"बरं, सर. सकाळी एकाची जुळ्यांची गाडी दुसराच घेऊन गेला, म्हणून मोठ्या गाड्या नेणाऱ्यांना नाव विचारतोय आम्ही. आपलं नाव?"

"हॅल्वर्सन."

"ओळखपत्र बघू जरा?"

डेल्बर्टनं खिसा चाचपला. मोटारीच्या परवान्यावर क्रूगर लिहिलेलं. फोटोही क्रूगरचाच. "ते... पिशवीत राहिलंय."

"मग पिशवीतून काढा ना."

"म्हणजे घरी राहिलंय."

यारित्सा हसली, पण थोडं कमी. मग ती खाली वाकली आणि हॅडलीच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "बाळा, हे तुझे कोण?"

"आजोबा."

"अस्सं? आत्ता तर मी कुणाचा आजोबा नाही म्हणाले."

"तुझा नाही म्हणालो!" डेल्बर्ट ओरडला. आजूबाजूचे वीसेक लोक वळले.

"नाव काय आजोबांचं?"

हॅडलीनं आजोबांकडे पाहिलं. डेल्बर्टनं डोळ्यांनी विनवलं. ती शिंकली.

"ती शिंक खरी नव्हती," यारित्सा म्हणाली.

"डेल्बर्ट क्रूगर," हॅडली एका दमात बोलून गेली. "पण आज हॅल्वर्सन आहे. आणि हे आईला सांगायचं नाहीये."

यारित्साच्या तोंडावरचं हसू विझलं. तिनं हॅडलीचा हात हलकेच स्वतःच्या हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं वॉकी-टॉकी काढला. डेल्बर्टनं चाळीस वर्षं जमिनीत भोकं पाडली, पण जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"सर, इथं बसा. हलू नका. मुलीच्या आईला बोलवू. नंबर सांगा."

"माझ्या फोनमध्ये आहे." फोन काढला, तर पडदा काळा. पोपटांच्या खेळात वेळ बघून बघून बॅटरी संपली होती.

"पाठ नाही?"

"लेकीचा नंबर कोण पाठ करतं?"

"मला पाठ आहे," हॅडली म्हणाली आणि दहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले.

डेल्बर्ट विटांच्या बुटक्या कठड्यावर बसला. तिथं बसून त्यानं जुलैला निरोप दिला. होडीला यंदा रंग लावला होता. हॅडलीच्या मापाचं नवं लाइफ जॅकेट आणून ठेवलं होतं, नारिंगी, खिशाचं. आता ते तसंच खुंटीला. दुसऱ्याचं नाव सांगणारा, लहान पोरीला खोटं शिकवणारा, पहारेकऱ्यांनी पकडलेला म्हातारा, याच्याकडे कोण पोर पाठवणार? पाठवू पण नये, असं त्यालाच वाटायला लागलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

दहा मिनिटांनी जॅनेल आणि कीथ पळत आले. जॅनेलचे केस पाळण्यानं उभे केलेले, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? बाबा, तुम्ही ठीक आहात ना? पडलात का?"

डेल्बर्टला ताडकन उभं राहून दाखवायचं होतं. निदान उभं तरी. त्यानं कठड्यावर हात टेकले, जोर लावला आणि गुडघा जागच्या जागी अडकला. पुन्हा जोर लावला. उठणं होईना. लेक बघतेय, जावई बघतोय, वीसेक लोक बघताहेत. त्याचे कान लाल झाले.

हॅडलीनं यारित्साच्या हातातून हात सोडवला. जुळ्यांची गाडी ढकलत आणली, बरोबर आजोबांच्या पुढ्यात उभी केली, पायानं ब्रेक दाबला. "हं. धर."

डेल्बर्टनं दांडा धरला आणि उठला.

"तुमचे वडील का हे?" यारित्सानं विचारलं.

"हो हो, आमचेच," जॅनेल म्हणाली.

आता लपवून काय उपयोग? "जॅनेल, गाडी मीच घेतली. पोरगी दमली. काय करणार, पाय संपले तिचे. तुझंच खरं होतं. झालं समाधान?"

"मी नाही दमले!" हॅडलीला हा आरोप सहन झाला नाही. "आई, तू मला बारा वाजता दमायला सांगितलं होतंस ना? मी बाराच वाजता दमणार होते. पण आजोबा दहालाच लंगडायला लागला, मग मला लवकर दमावं लागलं!"

कीथला बघायला कपही नव्हता, म्हणून त्यानं सरबताच्या रिकाम्या पेल्यात पाहिलं.

डेल्बर्टच्या डोक्यात गोष्टी एकेक करून जागेवर बसल्या. चटकन आलेलं "बरं." बराच वेळ लावलेलं मलम. दांडा सोडू नकोस हं, आजोबा.

"म्हणजे ती गाडी..." तो म्हणाला.

"काठी दिली असती तर घेतली असतीत?" जॅनेलनं विचारलं.

"नाही."

"ती बॅटरीची खुर्ची भाड्यानं मिळते, ती?"

"मेलो तरी नाही."

"मग मी काय करायचं होतं? फेब्रुवारीत स्वयंपाकघरात खुर्ची ढकलत हिंडत होतात, हॅल्वर्सन काकांनी सांगितलं मला. म्हटलं, ढकलायला काहीतरी असलं की बाबा चालतात."

डेल्बर्टला रागवायचं होतं. चांगला मोठा राग काढून ठेवला होता त्यानं, पण तो कुणावर काढावा हे ठरेना. लेकीवर काढावा तर ती रडायच्या बेतात. नातीवर काढावा तर तिच्या तोंडाला टर्कीचं तेल लागलेलं. शेवटी तो जे विचारायचं तेच विचारून मोकळा झाला.

"म्हणजे जुलै गेला."

"गेला कसा?" जॅनेल म्हणाली. "हॅडलीची मला कधीच काळजी नव्हती, बाबा. काळजी होती तुमची. पंधरा दिवस तुमच्याकडे बघायला कुणी असेल की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. आज बघितलं. छान बघते ती. पाठवते जुलैत."

डेल्बर्टला जुलै मिळाला. ज्या वाटेनं मिळाला ती वाट त्याला मुळीच आवडली नाही, पण तो गप्प राहिला. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच.

यारित्साला आता हसू आवरत नव्हतं. तिनं खिशातून कागदी पट्ट्यांची गुंडाळी काढली. "एक राहिलंच. हरवाहरवी झाली की आम्ही मुलांच्या मनगटाला ही पट्टी बांधतो. यावर आईचा नंबर लिहायचा. पुन्हा काही झालं तर कुणीही फोन करू शकतं."

हॅडलीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. "मला कशाला? मला आईचा नंबर पाठ आहे."

"मग कुणाला पाठ नाही?" यारित्सानं विचारलं.

चौघांनी डेल्बर्टकडे पाहिलं. त्यानं एका हातानं दांडा घट्ट धरला, कारण सोडला तर पडला असता, आणि दुसरा हात पुढं केला. पट्टी गुलाबी होती, वर पिवळ्या बदकांची रांग. यारित्सानं नंबर लिहिला, पट्टी मनगटाभोवती गुंडाळली. टोकं कशीबशी चिकटली.

"ही फार आवळतेय," डेल्बर्ट म्हणाला. "मोठ्या माणसांच्या मापाची नाही का?"

"मोठ्यांसाठी नसतात, आजोबा," यारित्सा म्हणाली. "मोठी माणसं हरवत नाहीत."